अकरा मिनिटं शिल्लक

खोक्यावर लिहिलं होतं, हात हलला तरी चित्र हलणार नाही.
ओरेस्त ह्रित्साकनं ते दुकानातच दोनदा वाचलं
आणि लेसियाला न विचारता पैसे मोजून टाकले.
सॅस्काटून, दोन हजार पाचचा डिसेंबर.

टेपची कटकट संपली, विक्रेता म्हणाला,
इथून चकती काढायची, तिथे प्लेयरमध्ये घालायची, झालं.
चकती चहाच्या बशीहून लहान, आणि बशीहून महाग.
उत्तम दर्जा लावला तर वीस मिनिटं,
मध्यम लावला तर तीस.
साठ लावली की रिंकवरच्या सगळ्या पोरी
चौकोनी ठिगळांच्या होत,
आणि पक कुठेतरी बर्फातच विरघळून जाई.
झूम पंचवीसपट, खरा.
आठशेपट, खोक्यापुरता.

दार्का गोलात उभी राही.
बर्फ एवढा पांढरा की यंत्र बिचके, डोळे किलकिले करी,
आणि मुली कोळशाच्या दिसत.
त्यावर उपाय होता, पुस्तिकेत, पान सत्तेचाळीस.
पुस्तिका ट्रकमध्ये होती.
बॅटरी काखेत ऊब देऊन ठेवायची
हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं.

डाव वीस मिनिटांचा. घड्याळ दर शिट्टीला थांबे,
ओरेस्त थांबत नसे.
म्हणून त्या मार्चमध्ये, तिसऱ्या डावात,
पेनल्टीचा फटका मारायला लाल जर्सीतली ती उंच मुलगी निघाली
आणि पडद्यावर अक्षरं आली: लिहीत आहे, थांबा.
झाकण उघडेना.
त्यानं मान वर केली नाही. झाकणाकडेच बघत राहिला.
पुढची चकती सुरू होते तेव्हा
लोक आधीच उभे आहेत, टाळ्या वाजवत आहेत,
दार्काचा मुखवटा कपाळावर आहे
आणि ती कॅमेऱ्यात बघून विचारते आहे,
बाबा, घेतलंस ना?

घेतलं, म्हणणारा आवाज फार जवळचा आहे.
त्याच्या मागे चकतीची गुरगुर,
झोपलेल्या मांजरासारखी. प्रत्येक सामन्यात ती आहे.
स्वतः ओरेस्त एकातही नाही.

आता खणात एक्केचाळीस चकत्या.
विनिपेगहून दार्काचा फोन येतो,
चाळीस दिसतात बाबा, नेस्तोर सारखा बघतो,
शेवटची मात्र मशीन बाहेर ढकलतं, वाचता येत नाही म्हणतं.
परत पाठवते. मोहोर लावायची राहिली आहे तिच्यावर.

त्याला माहीत आहे.
मोहोर लागेपर्यंत चकती फक्त आपल्या कॅमेऱ्याशी बोलते.
लागली, की जगात कुणाशीही,
पण मग तिच्यात काही भरता येत नाही.
आणि अकरा मिनिटं शिल्लक आहेत.

लाव ना बटण, लेसिया म्हणते, वीस वर्षं झाली.
अकरा मिनिटं फुकट जातील, तो म्हणतो.

बॅटरी केव्हाच फुगून मेली. वायर भिंतीतून
सिंकपर्यंत पोचते, पुढे नाही.
म्हणून तो सिंकपासून जे दिसतं ते घेतो:
खिडकी. पलीकडे पेट्रिशिनबाई
स्वतःचं सोडून यांच्या दारातलं बर्फ ओढताहेत.
खिडकीवर झूम केला की काचेवरचा डागच स्पष्ट होतो.
संध्याकाळ उतरते तसे दाणे येतात,
भिंतीला कुणी रवा फासावा तसे.
लेसिया येते, बटाटे ठेवते, हात पुसते.
चालू आहे का ते?
नाही, तो म्हणतो.
मग ती नाक शिंकरते,
गुणगुणते, त्याच्या बाहीवरचा दोरा तोडते,
आणि अचानक कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेते.
उलटा धरते. पाच सेकंद छत.
मग तो: न दाढी केलेला, चष्मा डोक्यावर,
ओरडतो आहे, वायर, अगं वायर!

शून्य.

बटण दाबलं. यंत्र हलवू नका, पडदा सांगतो.
अंदाजे तीन मिनिटं.
दोघं टेबलाशी बसून आहेत,
श्वाससुद्धा बेतानं घेत.
बटाटे उतू जाताहेत.
कुणी उठत नाही.